२४ तासांची मावशी: समज आणि वस्तुस्थिती

डॉक्टर म्हणतात, "उद्या घरी न्या," आणि घरच्यांची पळापळ सुरू होते. पलंग भाड्याने आणायचा, वॉकर आणायचा, डायपर आणायचे, आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणूस शोधायचा. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा मुलगा घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोचा नंबर देतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मावशी दारात हजर. अशा घाईच्या नेमणुकीत दोन-चार समज आपण न तपासताच धरून चालतो, आणि ते पुढे पेशंटला भोवतात.

त्यातला सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे गणवेश घातला की ती नर्स. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन, बीएस्सी नर्सिंगचा चार. शिवाय महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. 'सिस्टर' म्हणून दर लावला असेल तर नोंदणी क्रमांक मागावा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. ब्युरोतून येणाऱ्यांपैकी अनेक जणी मात्र अटेंडंट असतात. काहींनी 'जनरल ड्युटी असिस्टंट'सारखा छोटा कोर्स केलेला असतो, बाकीच्या काम करता करता शिकलेल्या असतात. म्हणून त्या कमी दर्जाच्या ठरत नाहीत. दर दोन तासांनी कूस बदलणं, चादर ओली राहू न देणं, पाठीवरचा, माकडहाडावरचा लालसर डाग वेळीच दाखवणं ही कामं मुरलेली मावशी फार चांगली करते, आणि पाठीला जखमा न होणं यावरच अवलंबून असतं.

पण इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं ही तिची कामं नव्हेत. "मावशींना सगळं येतं" असं ब्युरोवाले म्हणाले तरीही नव्हेत. नाकातली नळी आधीच घातलेली असेल तर तिच्यातून भरवायला शिकवता येतं. नळी जागेवर आहे ना ते आधी पाहायचं, डोक्याकडची बाजू उंच ठेवायची आणि भरवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या सिस्टरकडून हे घरातल्या एकाने तरी हाताने करून शिकून घ्यावं. ब्युरोला फोन करण्यापूर्वी पेशंटच्या दिवसभराच्या गरजा कागदावर उतरवाव्यात. पुष्कळदा असं लक्षात येतं, की रोज मावशी आणि ड्रेसिंगपुरती नर्सची फेरी एवढ्यावर भागतं.

दुसरा समज '२४ तास' या शब्दांमुळे होतो. २४ तासांची बाई म्हणजे घरात राहणारी बाई, २४ तास जागी राहणारी नव्हे. रात्री एखाददा उठवावं लागत असेल तर तिच्याकडून निभेल. पण पेशंट रात्रभर झोपत नसेल, उठून दाराकडे जात असेल किंवा वारंवार कफ काढावा लागत असेल, तर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्याच हव्यात. खर्च वाढतो, मान्य आहे. तो झेपत नसेल तर एक पाळी घरच्यांनी उचलावी. तीन रात्री न झोपलेल्या बाईने गोळ्या देताना चूक केली, तर दोष एकट्या तिच्या माथी मारता येणार नाही. आठवड्याच्या सुटीचं, बदली कोण देणार याचं आणि तुम्ही भरता त्यातले तिच्या हातात किती पडतात याचंही आधीच विचारून ठेवावं. हात फारच रिकामा राहत असेल तर ती टिकणार नाही.

पोलीस व्हेरिफिकेशन जरूर करून घ्यावं. पण त्यातून ओळख, पत्ता आणि गुन्ह्याची नोंद तपासली जाते. हात हलका आहे की नाही, चिडचिडा पेशंट सोसवतो की नाही, हे त्यात लिहिलेलं नसतं. त्यासाठी आधीच्या घरी फोन करावा आणि "बाई चांगली होती का?" असं मोघम न विचारता "उचलून खुर्चीत कशी बसवायची? का सोडून गेली?" असं विचारावं. कॅमेरा लावायचा तर सांगून लावावा. आंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या जागी तर नकोच.

"आमच्यातलीच बाई द्या," अशी मागणी आजही ब्युरोकडे होते. जातीचा आणि शुश्रूषेचा काडीइतका संबंध नाही. भाषेचा मात्र आहे. स्मृतिभ्रंश झालेली माणसं अनेकदा नंतर शिकलेल्या भाषा विसरून लहानपणीच्या भाषेकडे वळतात. मराठीच उरलेल्या आजीपाशी मराठी न येणारी बाई ठेवली तर दोघींचेही हाल. आणि आजोबांना आंघोळ घालायला मामा हवेत की मावशी चालतील, हे सूनबाईंनी परस्पर न ठरवता आजोबांना विचारावं.

मेडिक्लेमबद्दल थोडक्यात. 'घरी उपचार' असं पॉलिसीत असलं तरी ते एरवी हॉस्पिटलात दाखल करावं लागलं असतं अशा उपचारांसाठी असतं. मावशींचा पगार त्यात सहसा बसत नाही.

राहिला शेवटचा समज: माणूस ठेवला की आपण सुटलो. गोळ्यांचा डबा घरच्यांनीच भरायचा, डोस डॉक्टरांना विचारूनच बदलायचा, आणि दिवसातून एकदा पांघरूण काढून पाठ आपल्या डोळ्यांनी पाहायची. मावशींचीही जबाबदारी आपल्यावर येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार स्त्रीचाही समावेश आहे आणि तिची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. पेशंट अंगचटीला येतो असं तिने सांगितलं तर "आजारी माणूस आहे" म्हणून उडवून लावू नये. उलट, आई-वडिलांच्या अंगावर वळ दिसले, सांभाळणाऱ्या व्यक्तीसमोर ते गप्प होऊ लागले किंवा दचकू लागले, तर महिना भरायची वाट न पाहता काम थांबवावं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तिथे सकाळी ८ ते रात्री ८ फोन करता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.