आभार मानायचे कोणाचे?

मॅसॅच्युसेट्समधील शेलबर्न येथे १९८२ पासून ‘धम्मधरा’ हे विपश्यना केंद्र आहे. आपल्या इगतपुरीच्या ‘धम्मगिरी’चे धाकटे भावंडच. नोकरी गेली तेव्हा मी तिथे १० दिवसांच्या शिबिराला गेलो. पहिल्याच दिवशी चेक पुढे केला, तर घेतला नाही! शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान स्वीकारतात. नवागताचा खर्च आधीच्या साधकांच्या दानातून चालतो. स्वयंपाकही जुने साधकच विनावेतन करतात. म्हणजे माझ्या ताटाचे पैसे कोणी भरले, हे कळायला मार्ग नाही. (पीएच.डी. असूनही हा हिशेब पचायला वेळ लागला.) परतफेड करायची तर पुढच्याचीच.

पुढच्या वर्षी मी तिथल्या स्वयंपाकघरात गाजरे चिरली. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर एका तरुणाने विचारले, “चेक कुठे द्यायचा?” मी ऑफिस दाखवले.