मुंगी नवी कशी ठरते?

बांधावर अनोळखी मुंगी दिसली की ती नव्या जातीची असावी काय, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. नुसत्या डोळ्यांनी त्याचे उत्तर देता येत नाही. या बाबतीत पुण्याचेच उदाहरण उद्बोधक आहे.

मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणारे कर्नल साइक्स यांस जून १८२९ मध्ये पुण्याच्या परेड मैदानाजवळील पडीत जमिनीवर गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग आढळले. शेकडो मुंग्या बिळातील कोठारातून एकेक बी वर आणीत होत्या. पहिल्या पावसाने भिजलेले बी उन्हात वाळविण्याचा हा उद्योग असावा, असे त्यांनी अनुमान केले. बिळाच्या बाजू उभ्या असल्याने दुबळ्या मुंग्या काठाशी येऊन खाली कोसळत, पण बी सोडीत नसत. ऑक्टोबरात पाऊस झाल्यावर हेच दृश्य पुन्हा दिसले. मुंग्या धान्य साठवितात, हे त्या काळी युरोपातील अनेक पंडित खरे मानीत नसत! आपल्या गुराख्यांना त्याचे नवल वाटले नसते.

१८३५ मध्ये साइक्स यांनी लंडन येथे या मुंगीचे वर्णन छापून तिला ‘प्रॉव्हिडेन्स’, म्हणजे दूरदर्शी, असे नाव दिले. पुढे तिचा गण बदलून ती ‘फायडोले’ गणात गेली. नाव मात्र टिकले. त्याच लेखात एका मोठ्या काळ्या मुंगळ्यालाही त्यांनी ‘इंडेफेसा’, म्हणजे न थकणारी, असे नाव दिले होते. मिठाईच्या मेजाचे पाय पाण्यात ठेवले, तरी हे मुंगळे भिंतीवर चढून वरून मेजावर उड्या घेत. पण याच मुंगळ्याचे नामकरण फॅब्रिसियस यांनी १७८७ मध्येच केलेले होते. जुने नाव ग्राह्य, या नियमाने साइक्स यांचे नाव बाद झाले.

म्हणून तज्ज्ञांना तुलनेसाठी नमुना लागतो. चाकण परिसरातील बरेचसे माळ कारखान्यांखाली गेले आहेत. उरलेल्या माळांवरील नमुने म्हणूनच अधिक मोलाचे आहेत. एकाच बिळातील दहा-बारा मुंग्या घ्याव्यात. फायडोले गणात लहान कामकरी व मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या एकत्र नांदतात. त्या दोन जाती समजू नयेत. फायडोलेच्या कंबरेस दोन गाठी असतात, मुंगळ्याच्या कंबरेस एकच. मुंग्या मावा राखताना दिसल्यास पिकाचे नावही लिहावे. जात कळण्यापूर्वी बिळात औषध ओतणे इष्ट नव्हे.

आकुर्डी येथे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. तेथे चौकशी करावी. नमुना स्पिरिटच्या बाटलीत ठेवून गाव, तालुका, तारीख व जागा लिहिलेली चिठ्ठी आतच टाकावी. ती शिसपेन्सिलीने लिहावी, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते.