हॉट म्हणजे गरम की तिखट?

बचत गटांच्या एका प्रदर्शनात आमच्या गटाचा पिठलं-भाकरीचा स्टॉल होता. एक परदेशी बाई आल्या, पिठल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इज इट हॉट?" आमची मैत्रीण मोठ्या हौसेनं म्हणाली, "येस, व्हेरी हॉट!" बाई हसल्या आणि पुढच्या स्टॉलवर गेल्या. पिठलं नुकतंच शेगडीवरून उतरवलं होतं, मिरची त्यात नावालाच होती. पण गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

इंग्रजीत हॉट म्हणजे गरम, आणि हॉट म्हणजे तिखटसुद्धा. म्हणून तिखटाला 'स्पायसी' म्हणावं. 'इट इज हॉट, बट नॉट स्पायसी', म्हणजे गरम आहे, पण तिखट नाही. एवढं एक वाक्य पाठ केलंत तरी पुष्कळ काम होईल.

दुसरा घोळ मोजण्याचा. आपण खुशाल म्हणतो, दोन भात आण, एक वरण आण. इंग्रजीत भात, पाणी, दही हे मोजायचे शब्द नाहीत, मोजायचं ते भांडं. घाईत 'टू राइस' म्हटलं तरी कळतं, पण बिलावर 'टू प्लेट्स ऑफ राइस' लिहावं. चपाती सुटी मोजता येते, म्हणून 'टू चपातीज' बरोबर. 'फूड'चंही भातासारखंच. दोन माणसांचं जेवण म्हणजे 'टू फूड्स' नव्हे, 'टू मील्स'.

लंच, डिनर, ब्रेकफास्ट यांच्यामागे 'अ' किंवा 'द' लावायचा का, हेही बऱ्याच जणी विचारतात. एरवी नाही. 'लंच इज रेडी' एवढंच. मात्र जेवण कसं ते सांगायचं असेल तर 'अ' येतो: 'अ लाइट लंच', हलकं जेवण.

पाहुण्यांना विचारताना 'व्हॉट डू यू वॉन्ट?' म्हणू नका. व्याकरण चुकत नाही, पण 'काय पाहिजे?' असं दारात उभं करून विचारल्यासारखं वाटतं. 'वुड यू लाइक सम टी?' म्हणा. शाळेत शिकवतात की प्रश्नात 'एनी' येतं, 'सम' नाही. पण आग्रह करताना, काही देऊ करताना 'सम'च शोभतं.

फलक रंगवणाऱ्याकडे मात्र उभं राहून लक्ष द्या. 'टेस्टी'मध्ये टी-नंतर ए आला तर रुचकर, त्या जागी ई आला तर चिडखोर! चिडखोर थालीपीठ कोण घेणार? आणि गोड पदार्थांच्या 'डिझर्ट'मध्ये एस दोनदा. एकदाच लिहिला तर ते वाळवंट होतं.

आमच्या स्टॉलवर आता पुठ्ठ्याची पाटी असते: 'हॉट पिठलं, नॉट स्पायसी'. त्याखाली, 'ठेचा, व्हेरी स्पायसी'. ठेच्याच्या बाबतीत खोटं कशाला बोला?