ठाणे खाडीतले रोहित

मुंबई आणि नवी मुंबई यांच्यामधल्या ठाणे खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून इथे बोटीने फेरी मारता येते. फेरीची वेळ मात्र घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरते. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतते आणि ऐन भरतीला चिखलाचे पट्टे बुडाल्याने पक्षी आसपासच्या पाणथळींकडे सरकतात. मधला काळ साधावा लागतो.

हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत इथे हजारो रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. मोठ्या जातीच्या रोहिताची चोच गुलाबी आणि टोकाला काळी, तर छोट्याची गडद असते. मान खाली घालून, चोच उलटी धरून ते पाणी गाळतात. अडकलेले शेवाळ आणि सूक्ष्मजीव हेच त्यांचे अन्न. त्यातल्याच रंगद्रव्यांनी पिसे गुलाबी होतात, म्हणून कोवळे पक्षी राखाडीच दिसतात. नवख्यांना ते बहुधा वेगळ्याच जातीचे वाटतात. काठावर तिवरांची दाटी आहे. प्राणवायूच्या अभावी त्यांची श्वसनमुळे चिखलातून वर डोकावतात. दुर्बीण हवीच, बोट थव्याच्या फार जवळ नेणे योग्य नाही.