गळपट्टा आणि यजमानपद

आइस हॉकीच्या बुटाखाली धारदार पोलादी पातं असतं. २८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सामन्यात ते अमेरिकी खेळाडू अ‍ॅडम जॉन्सनच्या मानेला लागलं. तो वाचला नाही. कॅनडाच्या तीन मोठ्या ज्युनिअर लीगपैकी ऑन्टारिओ आणि क्वेबेकमध्ये गळपट्टा आधीच सक्तीचा होता. वेस्टर्न लीगने तो त्यानंतर आठवडाभरात केला. इतका उशीर का, हे मला कळत नाही. खेळणारी बहुतेक १६ ते २० वर्षांची पोरं!

पट्टा हवाच, पण तो सगळी मान झाकत नाही. मानेतली मोठी रोहिणी तुटली तर हाती काही मिनिटंच असतात. संक्रांतीच्या दिवसांत मांजाने चिरलेले गळे आमच्याकडे येतात. वाटेत कुणी जखम घट्ट दाबून धरली असेल तर आशा असते. १९८९ मध्ये बफेलोचा गोलरक्षक क्लिंट मलारचुक असाच वाचला. लष्करात वैद्यकीय सेवा केलेल्या ट्रेनरने बोटांनी रक्तवाहिनी दाबून धरली होती.

तिन्ही लीगचे विजेते मेमोरियल कपला यजमान संघासह खेळतात. यजमानपद मागणाऱ्या शहराला मी खुर्च्या किती, हे नंतर विचारेन. आधी विचारेन, बर्फाच्या कडेला असा हात कोणाचा असेल आणि तिथून शस्त्रक्रियागृह किती मिनिटांवर आहे?