शिकाऊ उमेदवारी : आधाराची सुरुवात नोंदणीकृत करारापासून

चेन्नई : सोन्याचे दागिने आणि रेशमी साड्यांच्या खरेदीसाठी प्रसिद्ध असलेल्या टी. नगरच्या मोठ्या दालनांत व त्यांच्या आश्रयाने चालणाऱ्या कारखान्यांत अनेक तरुण काम करता करता कसब शिकतात. मात्र काम शिकणारा प्रत्येक तरुण कायद्याच्या दृष्टीने 'शिकाऊ उमेदवार' ठरत नाही. विद्यावेतन, परीक्षा, प्रमाणपत्र आणि तक्रारीचा मार्ग या सर्व बाबी एकाच कागदावर अवलंबून असतात. तो कागद म्हणजे नोंदणीकृत करार.

करार का महत्त्वाचा?

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार मालक आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होऊन त्याची नोंद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे व्हावी लागते. उमेदवार अल्पवयीन असल्यास त्याचे पालक करार करतात. प्रवेशाचे किमान वय १४ वर्षे असून धोकादायक उद्योगांसाठी ते १८ आहे.

२०१९ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कर्मचारी असल्यास ही बाब ऐच्छिक आहे. टी. नगरमधील मोठी वस्त्रदालने पहिल्या गटात मोडतात, तर दोन-तीन कारागिरांची कार्यशाळा या चौकटीबाहेरच राहते.

ही मर्यादा मराठी कुटुंबांनाही जवळची आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी देशभर विखुरले आहेत. गावाकडचा मुलगा नातेवाइकाच्या दुकानात राहून काम शिकतो, ही तेथील जुनी रीत. त्यातून कसब हाती येते. परंतु करार नसल्याने त्या वर्षांची सरकारी नोंद राहत नाही.

विद्यावेतन किती?

२०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन पाचवी ते नववी उत्तीर्ण उमेदवारांसाठी ५,०००, दहावी उत्तीर्णांसाठी ६,०००, बारावी उत्तीर्ण व आयटीआय प्रमाणपत्रधारकांसाठी ७,०००, पदविकाधारकांसाठी ८,००० आणि पदवीधरांसाठी ९,००० रुपये असे ठरविले. दुसऱ्या वर्षी त्यात १० टक्के, तर तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढीची तरतूद आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात केंद्र सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के, कमाल दीड हजार रुपये उचलते. २०२३ पासून ही रक्कम थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा केली जाते.

अभ्यासाचे साहित्य कोठे?

टी. नगरच्या मांबलम स्थानकापासून उपनगरी गाडीने दोन स्थानके पुढे गिंडी येथे राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थान, म्हणजेच 'निमी' आहे. १९८६ मध्ये जर्मनीच्या सहकार्याने स्थापन झालेली ही संस्था १९९९ मध्ये स्वायत्त झाली. आयटीआयच्या विविध व्यवसायांची सैद्धांतिक व प्रात्यक्षिक पुस्तके ती तयार करते. ही पुस्तके तमिळप्रमाणेच मराठीतही निघतात. लातूर वा नाशिकच्या विद्यार्थ्याच्या हातातील फिटर किंवा विजतंत्रीच्या पुस्तकामागे अशा रीतीने चेन्नईतील काम असते. ती आयटीआयसाठी लिहिलेली असली, तरी कारखान्यात शिकणाऱ्या उमेदवारालाही तितकीच उपयोगी पडतात. प्रशिक्षण महासंचालनालयाच्या 'भारत स्किल्स' या संकेतस्थळावर अभ्यासक्रम, प्रश्नसंच आणि ध्वनिचित्रफिती विनामूल्य पाहता येतात. पदविकाधारक व पदवीधर उमेदवारांसाठी चेन्नईतील तरमणी येथे दक्षिण विभागाचे शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ कार्यरत आहे.

अडचण आल्यास?

प्रशिक्षणादरम्यान इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय उमेदवाराकडून जादा वेळ काम करून घेता येत नाही. करारासंबंधीचा वाद प्रथम सल्लागाराकडे नेता येतो आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते. महाराष्ट्रातून चेन्नईत आलेल्या उमेदवाराने येथे एक भेद लक्षात ठेवावा. खासगी आस्थापनेसाठी सामान्यतः तमिळनाडूची राज्य यंत्रणा सक्षम असते. मात्र आस्थापना चार किंवा अधिक राज्यांत कार्यरत असल्यास तो विषय केंद्राच्या अखत्यारीत जातो.

कायदा उमेदवाराला कामगार नव्हे, तर प्रशिक्षणार्थी मानतो. त्यामुळे प्रशिक्षणानंतर नोकरीची हमी मिळत नाही. उमेदवाराच्या हाती उरते ते परीक्षेनंतरचे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र, आणि ते देशात सर्वत्र ग्राह्य असते. म्हणूनच कामावर रुजू होतानाच कराराची प्रत व नोंदणी क्रमांक मागून घेणे आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करणे उमेदवाराच्या व त्याच्या पालकांच्या हिताचे आहे.