खुंटाचा गुलाब : वसईची ऊन-सावली आणि झाडांची निवड

गुलाबाचे कलम आणावे, पहिल्या हिवाळ्यात त्याला तळहाताएवढी फुले यावीत आणि दुसऱ्या पावसाळ्यात ते काळे पडून जावे, हा अनुभव वसईतल्या अनेक घरांना आहे. मीही चार कलमे अशीच घालवली. पाचव्याचे वेगळे झाले. वरचा भरलेला डोळा सुकला, पण दिवाळीच्या सुमारास जोडाखालून एक फांदी फुटली. खुंटाची फांदी कापून टाकावी, असे पुस्तके सांगतात. मी आळसाने ती ठेवली. फेब्रुवारीअखेर तिला गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची, वास असलेली फुले आली. हारवाले ज्याला ‘एडवर्ड’ म्हणतात, तो हा गुलाब. एकाच मातीत, एकाच पाण्यावर वरचे का मेले आणि खालचे का जगले, या प्रश्नाने मला या विषयात ओढले.

पहिले उत्तर ‘ऊन’ असे सुचते, पण ते अपुरे आहे. आपल्याकडे कडक ऊन बहुधा मार्च-एप्रिलमध्ये पडते. जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा उशिरा सुटतो आणि पारा चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली, ती अशाच काळात. पण असे दिवस मोजके असतात. गुलाबाला खरी झळ लागते ती रात्रीची. दिवसा पान साखर तयार करते आणि रात्री श्वसनात त्यातली काही खर्च करते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा खर्च साधारण दुप्पट होतो. थंड हवेतल्या संकरित गुलाबाला १५ अंशांच्या आसपासची रात्र मानवते. आपली मेमधली रात्र सुमारे २७ अंशांवर थांबते. कमाई तेवढीच आणि खर्च दुप्पट! त्यात उष्म्यामुळे कळी घाईने उमलते, म्हणून फूल लहान होते आणि लाल रंग फिका पडतो.

अशा उपाशी झाडावर मग पाऊस येतो. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला रुजण्यासाठी पान साधारण सात तास ओले राहावे लागते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाने सुकतच नाहीत. पाने गळतात, नवी फुटतात, तीही गळतात, आणि साठवण संपली की फांदी शेंड्याकडून वाळत येते.

एडवर्ड यातून कसा सुटला, याचे उत्तर त्याच्या कुळात आहे. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाला पूर्वी ‘बूर्बाँ’ म्हणत. तिथे शेताच्या कुंपणाला दोन गुलाब लावत : एक दमास्क गुलाब, दुसरा बारमाही फुलणारा चिनी गुलाब. त्यांचा आपोआप संकर झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे बी फ्रान्सला गेले आणि बूर्बाँ गुलाबांचे घराणे सुरू झाले. मूळ बेटावरचा गुलाब ‘रोझ एदुआर’. आपल्या तोंडी तो एडवर्ड झाला. उष्ण, दमट, समुद्रवेढ्या बेटावर त्याचा जन्म झाला, म्हणून वसई त्याला परकी वाटली नाही. आपण त्याला खुंट म्हणून जमिनीत गाडतो आणि त्याच्या डोक्यावर थंड प्रदेशातला पाहुणा बसवतो. कोडाईकनालचे एम. एस. वीरराघवन यांनी उष्ण हवेसाठी गुलाब घडवताना भारतातलाच रानगुलाब ‘रोझा क्लायनोफायला’ वापरला, त्यामागेही हेच तत्त्व आहे. फूल पाहून झाड निवडू नये. त्याचे माहेर विचारावे.

माहेराइतकीच महत्त्वाची असते जागा. वसईच्या वाडीत ही समज मुरलेली होती. वर नारळ-सुपारी, मध्ये केळी, त्यांच्या गार ओलाव्यात नागवेल; मोगरा मात्र उघड्यावर, कारण सावलीत तो नुसता पाला धरतो. अबोलीला विरळ सावली चालते. अनंताला सकाळचे ऊन हवे, दुपारचे सोसत नाही. वाडी म्हणजे उन्हाची उतरंडच होती.

आज अनेक वाड्यांच्या जागी इमारती आहेत, बावखले बुजली आहेत. इमारतीची सावली झाडाच्या सावलीसारखी पाझरत नाही; ती भिंतीसारखी पडते आणि ऋतूप्रमाणे सरकते. वसई साधारण साडेएकोणीस अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, डिसेंबरात तो दक्षिणेला बराच खाली उतरतो. म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळाभर ऊन आत येते आणि मेअखेरीस दुपारी सावली असते. उत्तरेच्या गॅलरीत उलट. डिसेंबरात ऊन पाहून ठेवलेली कुंडी मेमध्ये त्याच उन्हात असेल, असे धरू नये. सावलीतले पान मोठे आणि पातळ असते. तसे रोप एकदम उन्हात ठेवले तर पाने करपतात. आठ-दहा दिवस थोडे थोडे ऊन वाढवत न्यावे.

माझा हिशेब आता असा आहे. पूर्वेला सकाळचे पाच-सहा तास ऊन असेल तर एडवर्ड. दव लवकर सुकते, ठिपकेही कमी पडतात. पश्चिमेच्या तापत्या भिंतीला बोगनवेल, सदाफुली, खुरचाफा : ब्राझील, मादागास्कर आणि मध्य अमेरिकेतून आलेले हे पाहुणे उन्हात खुलतात. भर उन्हाच्या गच्चीवर मोगरा, जास्वंद. विरळ सावलीत अबोली. ऊन अजिबात नसेल तिथे फुलाचा हट्ट सोडून नागवेल लावावी.

माझ्या एडवर्डच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्या मी दरवर्षी शेजारीपाजारी वाटतो. त्या सहज रुजतात. गेलेली वाडी त्याने परत येणार नाही, हे मला कळते. पण काडी हातात देताना मी आधी विचारतो : तुमच्याकडे ऊन कुठून येते? बहुतेकांना सांगता येत नाही. वाडीबरोबर आपण काय गमावले, ते तेव्हा समजते. मग ते घरी जाऊन पाहतात आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात. काडी मी तेव्हाच देतो.